लाटांची वीज ग्रिडला जोडताना हिशेबात होणाऱ्या या चुका टाळा

वर्धा, यवतमाळ, अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ‘सागरी लाटांपासून वीज’ हा विषय दरवर्षी कोणी ना कोणी घेतोच. समुद्र इथल्या बहुतेक मुलांनी सहलीपुरताच पाहिलेला असतो, तरीही यंत्राची आकृती नेटकी असते, टर्बाइनचे गणित बरोबर असते आणि पाण्याच्या टाकीतले नमुना-यंत्र खरोखर दिवा पेटवून दाखवते. अहवाल कोलमडतो तो खर्चाच्या पानावर, कारण तिथे तळाला एकच ओळ असते : ‘ग्रिड जोडणी : एकूण खर्चाच्या ५ टक्के’.

हे पाच टक्के कुठून आले, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. खरे पाहता, विजेच्या तारेचे अर्थकारण विदर्भातल्या मुलांना इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. चंद्रपूरहून पडघ्याला जाणारी ५०० केव्ही (किलोव्होल्ट) दाबाची एकदिश (डीसी) वाहिनी १९९९ पासून सुरू आहे. तिची लांबी सुमारे ७५२ किलोमीटर आणि क्षमता १,५०० मेगावॉट. एवढी लांब वाहिनी परवडते, याचे मुख्य कारण असे की कोळशावरची वीज तिच्यातून रात्रंदिवस आणि बाराही महिने नेता येते. तारेचा खर्च मेगावॉटवर आणि किलोमीटरवर ठरतो, तर कमाई युनिटांवर होते. लाटांच्या प्रकल्पात या दोहोंमधले अंतर फार मोठे असते आणि पुढच्या बहुतेक चुका त्या अंतराकडे दुर्लक्ष केल्यामुळेच होतात.

किनाऱ्याची लांबी गुणिले किलोवॉट

पहिली चूक अगदी प्रस्तावनेतच होते. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, लाटांची सरासरी शक्ती दर मीटरला १० किलोवॉट धरली, की गुणाकार ७,२०० मेगावॉट येतो. म्हणजे जवळपास अडीच चंद्रपूर औष्णिक केंद्रे. हा आकडा पाण्यातल्या शक्तीचा झाला. तिच्यातला काही भागच यंत्राच्या हाती लागतो, त्यातलाही काही भाग विजेत रूपांतरित होताना गळतो आणि बंदरे, मासेमारीची क्षेत्रे व जहाजांचे मार्ग सोडल्यावर यंत्रांसाठी मोकळा किनारा थोडाच उरतो. देशभरासाठी सुमारे ४०,००० मेगावॉट हा जो आकडा सरकारी कागदांत येतो, तोही सैद्धांतिक क्षमतेचाच आहे. आर्थिक अहवालात तो एकदा सांगून सोडून द्यावा. त्यावर पुढचा एकही हिशेब उभा करू नये.

जोडणीचा खर्च टक्केवारीत धरणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर थोडे थांबू.

जोडणीच्या खर्चात समुद्रतळावरची केबल, ती टाकणारे जहाज, यंत्रांना एकत्र जोडणारी पाण्याखालची जोडपेटी, किनाऱ्यावर केबल वर काढण्याचे काम, किनाऱ्यावरचे उपकेंद्र, तिथून जवळच्या महावितरण किंवा महापारेषणच्या उपकेंद्रापर्यंतची वाहिनी आणि त्या उपकेंद्रातला बे, म्हणजे वाहिनी जोडण्याच्या कप्प्यातले ब्रेकर, आयसोलेटर, सीटी-पीटी (प्रवाह व दाब मोजण्यासाठीचे ट्रान्सफॉर्मर), मीटर व संरक्षण रिले, एवढे सगळे येते. यांतली बरीच कामे प्रकल्प लहान असो की मोठा, जवळपास तेवढ्याच पैशांत होतात. केबल टाकणारे जहाज भाड्याने आणले, की ते २ मेगावॉटची केबल टाकते की १० मेगावॉटची, याने त्याच्या भाड्यात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे प्रकल्प लहान होत जातो, तशी जोडणीच्या खर्चाची टक्केवारी वाढत जाते. सरसकट पाच टक्के धरणाऱ्याला हे कळतच नाही.

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. हे बाजारभाव नव्हेत, हिशेबाची रीत दाखवण्यापुरतेच आहेत. प्रकल्प १० मेगावॉटचा आणि त्याचा क्षमता वापर, म्हणजे वर्षभर पूर्ण क्षमतेने चालल्यास मिळणाऱ्या विजेपैकी प्रत्यक्ष मिळणारा वाटा, ३० टक्के धरला, तर वर्षाला सुमारे २ कोटी ६३ लाख युनिटे मिळतील. जोडणीला ६० कोटी रुपये लागले आणि भांडवलाचा दर १० टक्के व मुदत २५ वर्षे असेल, तर दरवर्षीचा हप्ता मूळ रकमेच्या सुमारे ११ टक्के, म्हणजे ६ कोटी ६१ लाख रुपये होतो. याचा अर्थ, यंत्राचा एकही रुपया न धरता नुसत्या जोडणीपोटी दर युनिटला सुमारे अडीच रुपये लागतात. आता तीच जागा, तेच अंतर, पण प्रकल्प २ मेगावॉटचा घ्या. केबल थोडी बारीक झाल्यामुळे जोडणी ४५ कोटींत बसली असे मानले, तरी वर्षाला मिळणारी युनिटे साडेबावन्न लाखच राहतात आणि जोडणीचा भार युनिटला सुमारे ९ रुपये ४३ पैसे होतो.

हे आकडे आपल्याकडच्या दरांशेजारी ठेवून पाहावेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत, जिच्या अगदी सुरुवातीच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धीबरोबर यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीची निवड झाली होती, सौर विजेचे दर युनिटला ३ रुपयांच्या आसपास आले आहेत. म्हणजे लाटांच्या लहान प्रकल्पाची नुसती तारच सौर प्रकल्पाच्या संपूर्ण विजेच्या तिप्पट महाग ठरते. सौर योजनेत उपकेंद्राजवळची जमीन आधी का शोधतात, याचेही उत्तर याच हिशेबात आहे. उपकेंद्रापासून दूर असलेली पडीक जमीन कमी भाड्यात मिळत असली, तरी वाहिनीचा प्रत्येक जादा किलोमीटर ती बचत खाऊन टाकतो.

वर्षाची सरासरी धरून चालणे

लाटेची शक्ती तिच्या उंचीच्या वर्गाप्रमाणे आणि आवर्तकाळाच्या (एका लाटेनंतर दुसरी येईपर्यंतच्या वेळेच्या) प्रमाणात बदलते. खोल पाण्यासाठीचे सोपे सूत्र असे : उंचीचा वर्ग, गुणिले सेकंदांतला आवर्तकाळ, गुणिले ०.४९, उत्तर दर मीटरला किलोवॉटमध्ये येते. कोकणात जानेवारीतला एखादा शांत दिवस घेतला, लाट ०.८ मीटरची आणि आवर्तकाळ ६ सेकंद धरला, तर शक्ती २ किलोवॉटच्याही खाली राहते. जुलैमध्ये अडीच मीटरची लाट आणि ९ सेकंद धरले, की ती २७ किलोवॉटच्या पुढे जाते. हा फरक जवळपास पंधरा पटींचा आहे. पश्चिम किनाऱ्यावरची लाटांची बरीचशी ऊर्जा पावसाळ्याच्या चार महिन्यांत एकवटलेली असते, आणि तारेचा हप्ता मात्र बारा महिने भरावा लागतो.

म्हणून युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा क्षमता वापर उचलून रत्नागिरीच्या प्रकल्पाला लावू नये. युरोपातही कागदावरचा आणि प्रत्यक्षातला आकडा वेगळा असतो. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरील मुत्रिकू येथे बंदराच्या लाटारोधक भिंतीत १६ टर्बाइन बसवलेले, एकूण २९६ किलोवॉटचे केंद्र २०११ पासून चालू आहे. २०२० च्या सुमारास त्याची एकूण निर्मिती २० लाख युनिटांवर पोहोचली. पूर्ण क्षमतेने ते एका वर्षातच जवळपास २६ लाख युनिटे देऊ शकले असते. म्हणजे प्रत्यक्ष वापर दहा टक्क्यांच्या आसपास राहिला. तरीही हे केंद्र टिकले, याचे मोठे श्रेय जागेला द्यावे लागते. भिंत बंदरासाठी बांधायचीच होती, यंत्रे त्या भिंतीतच बसली आणि समुद्रतळावरून केबल न्यावी लागली नाही. वरच्या १० मेगावॉटच्या उदाहरणात ३० टक्क्यांऐवजी १५ टक्के वापर धरून पाहा : जोडणीचा भार युनिटला अडीच रुपयांवरून पाच रुपयांवर जातो.

केबल पूर्ण क्षमतेची घेणे

यंत्रे १० मेगावॉटची आहेत, म्हणून केबल आणि करारातली क्षमताही १० मेगावॉटचीच हवी, असे विद्यार्थी सहज धरून चालतात. परंतु सर्व यंत्रे एकाच वेळी पूर्ण भारावर असण्याचे तास वर्षात थोडेच येतात. वर्षातून एकदा कापूस बाजार समितीत न्यायचा म्हणून कोणी ट्रक विकत घेऊन दारात उभा करत नाही. तोच विवेक इथेही लागू पडतो.

वरच्याच उदाहरणात जोडणी ७ मेगावॉटची केल्याने खर्च ६० कोटींवरून ५० कोटींवर आला आणि शिखराच्या तासांतली ४ टक्के वीज सोडून द्यावी लागली, असे समजू. वार्षिक हप्त्यात सुमारे १ कोटी १० लाख रुपये वाचतात. बुडालेली साडेदहा लाख युनिटे ५ रुपये दराने विकली गेली असती असे धरले, तर नुकसान सुमारे ५२ लाखांचे होते. थोडी वीज फेकून देणे इथे सरळ फायद्याचे आहे. हा हिशेब प्रत्येक जागेच्या लाटांच्या तासवार नोंदींवरून नव्याने करावा लागतो. सरासरी घेऊन तो करता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

केबलमधील गळतीबाबत याच जातीची एक लहान चूक होते. पूर्ण भारावर ६ टक्के गळती असेल तर वर्षभराची गळतीही ६ टक्केच धरली जाते. गळती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे तिचाही हिशेब तासवारच हवा. शिवाय विक्रीचा मीटर किनाऱ्यावर असतो, यंत्रापाशी नव्हे; त्यामुळे ही गळती विकणाऱ्याच्याच माथी येते.

तार पोहोचली म्हणजे वीज विकली गेली, हा समज

जोडणी झाल्यावरही वीज घेणारी वाहिनी तितकी सक्षम हवी. हे समजून घ्यायला कोकणात जाण्याची गरज नाही. ग्रामीण विदर्भात ज्या ३३/११ केव्ही उपकेंद्रांवर सौर प्रकल्प जोडले आहेत, तिथे सप्टेंबरमधल्या एखाद्या उघडीप दिलेल्या दिवशी दुपारी बारा वाजता पॅनेलवरचे मीटर पाहावे. पाऊस चांगला झालेला असल्याने कृषिपंप बंद असतात, गावातला भार थोडा असतो आणि सौर वीज मात्र जोरात येत असते. त्यातच रब्बी हंगामात संध्याकाळच्या लो व्होल्टेजच्या तक्रारी आल्या म्हणून ट्रान्सफॉर्मरचा टॅप (दाब कमी-जास्त करण्याची सोय) वर चढवून ठेवलेला असतो आणि नंतर तो खाली घेण्याचे राहून जाते. ११ केव्हीच्या वाहिनीवर दाब ११.६ च्या वर सरकू लागला, की सौर प्रकल्पाचे इन्व्हर्टर एकामागून एक ट्रिप होतात, काही मिनिटांनी पुन्हा सुरू होतात आणि पुन्हा ट्रिप होतात. प्रकल्पाचा मालक इन्व्हर्टर पुरवणाऱ्याला फोन करत राहतो. दोष वाहिनीत आणि टॅपमध्ये असतो, आणि बुडालेली युनिटे परत येत नाहीत.

किनाऱ्यावरच्या लहान गावांना वीज पुरवणाऱ्या लांब वाहिन्यांची जातकुळी हीच असते, आणि लाटांच्या विजेला तर आणखी एक खोड आहे. लाटेच्या चढण्या-ओसरण्यामुळे हवेच्या स्तंभावर चालणाऱ्या, म्हणजे लाटेने ढकललेल्या हवेवर टर्बाइन फिरवणाऱ्या यंत्राची शक्ती दर चार-पाच सेकंदांनी वरखाली होते. त्यातून गावातले दिवे लुकलुकतात. इंडक्शन जनरेटर थेट ग्रिडला जोडलेले असेल, तर लाट मंदावताच ते वीज देण्याऐवजी ग्रिडकडूनच ओढू लागते. अनेक यंत्रे अंतर ठेवून मांडल्यास हे चढउतार एकमेकांत बरेच मिसळून जातात. एकट्या यंत्रासाठी मात्र फ्लायव्हील, बॅटरी किंवा पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा खर्च धरावाच लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या ग्रिड जोडणीविषयक तांत्रिक मानकांच्या २००७ च्या विनियमांत आणि त्यांच्या पुढील दुरुस्त्यांत हार्मोनिक्स (विजेच्या तरंगातली विकृती), फ्लिकर (दिव्यांचे लुकलुकणे), दाब व वारंवारता यांबाबत अटी आहेत. त्या पूर्ण करणारी उपकरणे अहवालाच्या खर्चात क्वचितच दिसतात.

वाहिनी भरून गेली की काय होते, याचे ठळक उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेचा ऑर्कनी बेटसमूह आहे. तिथे २००३ पासून लाटा आणि भरती-ओहोटीच्या यंत्रांचे जगप्रसिद्ध चाचणी केंद्र आहे, वारा भरपूर आहे. पण मुख्य भूमीशी जोडणाऱ्या केबल फक्त दोन, त्याही ३३ केव्हीच्या. बेटांवरच्या पवनचक्क्यांनीच ती क्षमता व्यापल्यामुळे निर्मिती वारंवार थांबवावी लागली आणि उरलेल्या विजेपासून हायड्रोजन बनवण्याचे प्रयोग सुरू झाले. नव्या २२० केव्ही केबलला मंजुरी मिळायला २०२३ साल उजाडले. आपल्या अहवालात वर्षाला किती युनिटे ग्रिडने नाकारली जातील, याचा रकाना नसेल, तर उत्पन्नाचा आकडा फुगलेला आहे असे खुशाल समजावे.

आधी केबल की आधी यंत्र?

इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या हेल गावासमोर, किनाऱ्यापासून सुमारे १६ किलोमीटरवर, २०१० मध्ये ‘वेव्ह हब’ नावाची जोडणी समुद्रतळावर तयार करण्यात आली. तिच्यावर सुमारे ४ कोटी २० लाख पौंड खर्च झाला आणि चार वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे जोडता येतील अशी सोय ठेवली गेली. कल्पना चांगली होती : जोडणीचा मोठा खर्च सरकारी पैशातून एकदाच करावा आणि तो अनेकांनी वाटून घ्यावा. परंतु यंत्रेच वेळेवर तयार झाली नाहीत. लाटांची वीज त्या केबलमधून ग्रिडला गेली नाही आणि २०२१ मध्ये ती जागा तरंगत्या पवनचक्क्यांसाठी एका स्वीडिश कंपनीला विकली गेली.

पोर्तुगालमध्ये यंत्रे तयार होती, तरी शेवट तसाच झाला. २००८ मध्ये अगुसादौरा येथे ७५० किलोवॉटची तीन पेलामिस यंत्रे ग्रिडला जोडली गेली. बेअरिंगच्या अडचणींमुळे ती काही आठवड्यांतच बंदरात परत आणावी लागली, त्याच सुमारास मूळ गुंतवणूकदार कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि यंत्रे पुन्हा समुद्रात गेलीच नाहीत. जोडणी होती, पण तिच्यातून न्यायला वीज नव्हती. माझ्या मते पाच किंवा दहा मेगावॉटच्या पहिल्या टप्प्यासाठी पन्नास मेगावॉटची केबल आधीच टाकून ठेवण्याचा मोह आवरावा; फक्त किनाऱ्यावरच्या उपकेंद्रात पुढच्या बेसाठी जागा राखावी, कारण ती जागा नंतर मिळवणे अवघड असते.

दुरुस्ती, विमा आणि पावसाळा

वाहिनीचा खांब पडला तर लाइनमन दुसऱ्या दिवशी पोहोचतो. समुद्रतळावरची केबल तुटली तर दोष कुठे आहे ते शोधायचे, जहाज मिळवायचे आणि मग समुद्र शांत होण्याची वाट पाहायची. पश्चिम किनाऱ्यावर जूनमध्ये बिघाड झाला, तर दुरुस्ती बहुधा पावसाळ्यानंतरच होईल. म्हणजे कमाईचा संपूर्ण हंगाम गेला. अहवालात ‘देखभाल २ टक्के’ असे लिहून हा धोका भरून निघत नाही. असा बिघाड किती वर्षांतून एकदा होईल हे धरून, त्या हंगामाचे बुडीत उत्पन्न वार्षिक खर्चात मिळवावे. विम्याचा हप्ताही वेगळा दाखवावा.

हिशेब जुळत नसेल तर कुठे पाहावे

तयार अहवालात दर युनिटचा खर्च संशयास्पदरीत्या कमी दिसत असेल, तर आधी किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांची गल्लत झाली आहे का ते पाहावे. निम्मे घोटाळे तिथेच सापडतात. त्यानंतर वर्षाची युनिटे भागिले ८,७६० तास, भागिले यंत्रांची क्षमता, असा उलटा हिशेब करून क्षमता वापर काढावा. तो ४० टक्क्यांच्या वर आला, तर कुठेतरी लाटांची उंची वाढवून धरली गेली आहे. मग उत्पन्नाची युनिटे यंत्रापाशी मोजली आहेत की किनाऱ्यावरच्या मीटरपाशी, हे तपासावे.

खर्च फारच जास्त दिसत असेल, तर जोडणीचा नेमका किती भाग प्रकल्पाच्या माथी टाकला आहे ते पाहावे. प्रकल्पापासून उपकेंद्रापर्यंतची वाहिनी आणि बे हा साधारणपणे विकासकाचा खर्च असतो. त्यापलीकडच्या मजबुतीकरणाचा भार कोणी घ्यायचा, याची रीत देशागणिक बदलते. जर्मनीत समुद्रातल्या पवन प्रकल्पांची किनाऱ्यापर्यंतची जोडणी पारेषण कंपनी उभारते आणि तिचा खर्च सर्व ग्राहकांत वाटला जातो. ब्रिटनमध्ये विकासकाने बांधलेली सागरी जोडणी नंतर स्वतंत्र कंपनी विकत घेते. परदेशी अहवालातला आकडा उचलताना तो यांपैकी कोणत्या रीतीतला आहे, हे न पाहिल्यास तुलना निरर्थक ठरते. आपल्याकडे २०१९ मध्ये केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सागरी ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जा म्हणून मान्यता दिली. पण मान्यता मिळाली म्हणून तार स्वस्त होत नाही.

सगळे दुरुस्त करूनही उत्तर नऊ-दहा रुपयांवरच थांबत असेल, तर तुलनेसाठी ग्राहक बरोबर निवडला आहे का, ते शेवटी पाहावे. उन्हाने तापणाऱ्या विदर्भातल्या सौर विजेशी लाटांची वीज दरात स्पर्धा करणार नाही. लक्षद्वीपसारख्या बेटांवर, जिथे बरीचशी वीज जहाजाने आणलेल्या डिझेलवर होते, तिथे तुलनेचा दर मुळातच वेगळा असतो. केरळातल्या विळिंजम येथे मद्रासच्या आयआयटीच्या पुढाकाराने १९९१ मध्ये सुरू झालेल्या १५० किलोवॉटच्या केंद्राचा उपयोग पुढे समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या प्रयोगासाठी केला गेला. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने लाटांवर चालणारा, जहाजांना मार्ग दाखवणारा बोयाही तयार केला आहे. त्याला लागणारी वीज त्याच्यातच तयार होऊन तिथेच वापरली जाते, त्यामुळे त्याच्या खर्चाच्या पानावर जोडणीची ओळ येतच नाही.